बिनसालीचा केक

आमच्या घरी नाताळ येतो पंचवीस डिसेंबरला, पण नाताळची यादी येते भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी. गल्लीतल्या घराघरांतून दिवाळीच्या फराळाची ताटं आलेली असतात. ती ओट्यावर एकावर एक रचलेली. एखादं पितळी, बाकीची स्टीलची, काहींच्या काठावर कुणाच्या तरी लग्नातली नावं कोरलेली, आणि एकाही ताटात शेवेची काडीदेखील उरलेली नसते. ताट रिकामं परत करायचं नाही, हा आमच्या पांढुर्ण्यातला न लिहिलेला कायदा. मग आजी ती ताटं मोजायची, चष्मा चढवायची, वहीचं एक पान फाडायची आणि मधोमध लिहायची : नाताळ. खाली दुहेरी रेघ. आजी प्राथमिक शाळेत शिकवायची, सगळी गल्ली तिला ‘बाई’च म्हणायची, आणि तिच्या हातून एकेरी रेघ कधी निघालीच नाही. ती ताटं पुढं दोन महिने आमच्याकडे मुक्कामाला असायची. त्यांच्या मालकिणींनी ती कधी मागितल्याचं मला आठवत नाही. इतक्या लांब मुदतीची ठेव इतक्या निर्धास्तपणे लोक बँकेतही ठेवत नसतील.

या दिवसाला आमच्या गावात तीन नावं आहेत. घरात नाताळ, बाजारात बडा दिन, आणि हल्ली पोट्ट्यांच्या मोबाइलमध्ये ख्रिसमस. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या तेव्हा नागपूर सीमेपलीकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आमच्याकडे बऱ्याच गोष्टींना एकाहून जास्त नावं असतात. आजीची यादी मराठीत, दुकानाची पाटी हिंदीत. पिठीसाखरेला बूरा म्हणायचं, बेदाण्यांना किशमिश, रव्याला सूजी, अशी उजळणी करत मी लहानपणी किराणा आणायला जायचो. दुकानदार माझं हिंदी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “रवा बारीक पाह्यजे का जाडा?” बडा दिन या नावाचं मात्र मला फार दिवस कोडं होतं. वर्षातला सगळ्यात लहान दिवस नुकताच दोन-तीन दिवसांपूर्वी होऊन गेलेला. त्यानंतर दिवस वाढला असलाच तर काही सेकंदांनी वाढला असेल. चार वाजता आंगणातलं ऊन काढता पाय घ्यायला लागतं, सहाला शेकोटी पेटते, आणि याला म्हणायचं मोठा दिवस! मी आजीला विचारलं तेव्हा ती सोऱ्या घासत होती. म्हणाली, “तुला काम नाही म्हणून लहान वाटतो.”

तर यादी. पहिला मान केकचा. नंतर करंज्या, चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, चिवडा, अनारसे. परगावचा कोणी ही यादी वाचता वाचता दचकतो. केकपर्यंत त्याचं नीट चाललेलं असतं, करंजीपाशी त्याला वाटतं की आपण चुकून दुसऱ्याच सणाचं पान उलटलं. पण मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ असाच असतो. नगरकडे तोच, आणि गोव्यात गेलात तर नेवऱ्यो नाव घेऊन बशीत बसलेली असते ती आपली करंजीच. धर्म बदलला म्हणून सारण बदलत नाही, असं आजीचं मत होतं आणि ती ते खोबरं किसता किसता सांगायची. आमच्या मुलखात परदेशी मिशनरी काही थोडे आले नाहीत. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. स्कॉटलंडचे, देवाचे आणि दगडांचे सारखेच अभ्यासक. (दगडांची एवढी आवड असलेला माणूस पांढुर्ण्यात छान रमला असता.) छिंदवाड्याला त्याच शतकाच्या अखेरीस स्वीडनहून लूथरन मंडळी आली. त्यांच्या देशात नाताळात आल्याची पातळ, कुरकुरीत बिस्किटं करतात म्हणे, आणि तेरा डिसेंबरला केशर घातलेले पिवळेधमक पाव. इतक्या लांबून त्यांनी शुभवर्तमान आणलं, गीतं आणली, दवाखाने आणि शाळा आणल्या. आल्याचं बिस्किट मात्र आमच्या स्वयंपाकघरापर्यंत काही पोचलं नाही. वाटेत कुठेतरी त्याची गाठ चकलीशी पडली असावी.

आणि आमच्या चकलीचा एक मोठा फायदा असा, की तिला प्रतिस्पर्धी नसतो. दिवाळीत गल्लीतल्या बारा घरांच्या बारा चकल्या एकमेकींशी झुंजत असतात. कुणाची जाड, कुणाची तेलकट, कुणाची इतकी कडक की पाहुणा ती चहात बुडवायची का या विचारात पडतो. डिसेंबर उजाडेपर्यंत सगळ्या आघाड्या थंडावतात. डब्यांच्या तळाशी नुसता चिवड्याचा भुगा, त्यातले दाणेही कुणीतरी वेचून नेलेले. अशा ओसाड रणात आमची चकली एकटी अवतरते. ती कशीही झाली तरी लोक म्हणतात, वा! आजीला हे पक्कं ठाऊक होतं, तरी ती कौतुकानं फुशारून जायची नाही. सण आटोपला, की नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी ती यादीचं पान पुन्हा काढायची आणि प्रत्येक जिनसापुढे लाल शाईनं शेरा लिहायची. “चकली : मोहन जास्त, तेल प्याली.” “लाडू : बरे.” “शंकरपाळे : प्रयत्न चांगला.” “चिवडा : खारट, यांनी दोनदा मीठ टाकले.” ‘यांनी’ म्हणजे आजोबांनी. मग त्या पानाची घडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पुढच्या वर्षीची यादी करताना आधीच्या वर्षीचे शेरे वाचायचे, अशी पद्धत. आमच्याकडे ती सगळी पानं आहेत. घराण्याचा इतिहास म्हणावा असं एवढंच काय ते आमच्याजवळ आहे, आणि त्यात मुख्यतः मोहन जास्त झालं आहे.

अनारशांचं प्रकरण सगळ्यात नाजूक. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत पंचावर पसरायचे, अर्धवट ओले असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा डब्यात झाकून ठेवायचा. पुढचे काही दिवस कुणी त्याच्याविषयी मोठ्यानं बोलायचं नाही. तळायच्या दिवशी आजी खसखशीवर लिंबाएवढी गोळी बोटांनी थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून ती अलगद तुपात सोडायची, आणि झाऱ्यानं वरून तूप उडवत तिच्याकडे बघत राहायची, जसं परीक्षेच्या वर्गात ती कच्च्या मुलाकडे बघत असेल. जाळी पडली, की सुटकेचा श्वास. पण कधी कधी कढईतली ती गोल चकती मधूनच भेगाळायची, पसरायची, तुपात विरून भुगा व्हायची. याला आपण म्हणतो अनारसा हसला. मराठीनं स्वयंपाकघराला जे शब्द दिले त्यात हा मला सगळ्यात क्रूर वाटतो. चार दिवस ज्याच्यासाठी खपावं त्यानं ऐन वेळी बाईच्या तोंडावर हसावं! अशा एका वर्षीचा शेरा एका शब्दाचा आहे : “हसले.” पुढे पूर्णविराम इतका दाबून दिलाय की कागदाला भोक पडलंय.

या दिवसांत पांढुर्ण्याला संत्र्याचा वास येतो. आंबिया बहाराची फळं उतरायला लागलेली असतात. बाजारात ढीग, ट्रकांच्या रांगा, पायाखाली साली. आपल्याकडे जे ढिगानं पिकतं त्याची आपल्याला किंमत नसते, पण आजीनं आमच्या केकमध्ये संत्रं आणलं ते वेगळ्याच कारणानं. कुणीतरी तिला एका इंग्रजी मासिकातून उतरवलेली केकची कृती दिली होती. तीत पहिलंच वाक्य असं, की मनुका आणि बेदाणे महिनाभर रममध्ये भिजत घालावेत. आमचे आजोबा दारूबंदीवर भाषणं करणारे. आजीनं लाल पेन घेतलं, ‘रम’वर काट मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं : संत्र्याचा रस. ‘महिनाभर’ हा शब्द मात्र तिनं तसाच राहू दिला, आणि तिथंच चुकलं. चिनीमातीची बरणी फडकं बांधून कोनाड्यात गेली. नवव्या की दहाव्या रात्री स्वयंपाकघरातून फुस्स असा आवाज आला. थोड्या वेळानं परत फुस्स. आजोबा काठी आणि टॉर्च घेऊन उठले, कारण तो आवाज नागाचाच होता. आम्ही खाटेवर पाय वर घेऊन बसलो. टॉर्चच्या झोतात कोनाडा दिसला, बरणी दिसली, आणि तिच्या तोंडावरचं फडकं पुरीसारखं हळूच वर येऊन पुन्हा खाली बसलं. सकाळी आजोबांनी खात्री करायला चमचाभर रस चाखला. मग खात्रीची खात्री करायला आणखी एक. मग म्हणाले, “औषधी दिसते.” केरळात तलश्शेरीच्या मंबल्ली बापूंनी १८८३ साली नाताळचा जो केक केला, देशातला पहिला म्हणून ज्याचं नाव घेतात, त्यातही काजूच्या बोंडांची गावठी घातली होती असं सांगतात. आमच्या घराण्याला ती थोर परंपरा पुढे चालवायची संधी एकदाच आली होती. आजीनं बरणी मोरीत ओतली. शेरा : “मनुका : एक रात्र पुरे. यांना दूर ठेवणे.”

केकला भट्टी लागते आणि आमच्याकडे होता कुकर. रबर काढायचं, शिट्टी काढायची, बुडाला दोन बोटं वाळू पसरायची, वाळू चांगली तापली की वर जाळी आणि जाळीवर केकचा डबा. ही वाळू जाम नदीची. ती आणायचं काम माझं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्या नदीपात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, टीव्हीवाले वर्षातून एकदाच आमची आठवण काढायला येतात, तीच ही जाम. डिसेंबरात ती इतकी गरीब असते, की हिच्यावरून माणसं भांडत असतील हे खरं वाटू नये. मी पिशवीभर वाळू आणायचो, आजी तीन पाण्यांनी धुवायची, चाळायची, उन्हात वाळवायची आणि डालड्याच्या डब्यात भरायची. डब्यावर चिठ्ठी : ‘केकची वाळू’. पाहुण्यांना ती चिठ्ठी वाचून काय वाटत असेल कुणास ठाऊक. केकच्या डब्याला आतून तूप फासून तळाशी कागद घालावा लागतो, तो वहीचाच. एका वर्षी घाईत कोऱ्याऐवजी माझ्या उजळणीच्या वहीचं पान गेलं. केक उपडा केला तर बुडावर तेराचा पाढा उलटा उमटलेला. तेरा साते एक्क्याण्णवपर्यंत अगदी स्पष्ट, पुढचा करपला होता. आजीनं तो भाग सुरीनं खरवडून टाकला, पण त्याआधी पाढा तपासला.

समोरच्या घरातल्या काकू या सगळ्या कामाला चार दुपारी यायच्या. येताना स्वतःचं कातणं पदराखाली धरून आणायच्या, कारण आमच्या कातण्याची धार त्यांना पसंत नव्हती. पाटावर बसल्या की त्यांच्या हाताखालून करंज्या अशा निघायच्या, की अर्धचंद्रांची एक पंगतच मांडल्यासारखी दिसायची. सगळ्यांची पोटं सारखी, सगळ्यांच्या काठाला सारखी नक्षी. कोथिंबीर या दिवसांत स्वस्त, तेव्हा एक दुपार सांबारवडीची. (सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, पुण्याच्या पाहुण्यांनी वाटी-चमचा मागू नये.) काकूंच्या घरी दोन पिढ्यांची माळ, आषाढी-कार्तिकीचा उपास, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. तेव्हा करंजीला त्यांचा हात लागायचा, चकलीला लागायचा, पण केकचं पीठ भिजायला लागलं की त्या जरा सरकून बसायच्या आणि खिडकीबाहेर पाहायच्या. तिकडे आजी अंडी फोडत असायची, तीही शक्यतो आवाज न करता.

म्हणून दोन केक. एक अंड्याचा, आमचा. दुसरा दही, दूध आणि सोड्याचा, गल्लीचा. दोन्ही एकाच कुकरातून, एकाच वाळूवरून निघायचे आणि दिसायला जुळे. घोटाळा होऊ नये म्हणून बिनअंड्याच्या केकवर आजी संत्र्याच्या सालीचे पाकवलेले काप लावायची. साल दोनदा उकळून कडवट पाणी फेकायचं, मग साखरेच्या पाकात मुरवायची, वाळवायची. काचेच्या बांगडीचे तुकडे असावेत तसे ते काप चमकायचे. साल आहे म्हणजे निर्धास्त खा, साल नाही म्हणजे सांभाळून. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांपासून पोट्ट्यांपर्यंत सगळ्यांना ही खूण पाठ होती. ताटं घेऊन जाणारा मी. प्रत्येक दारात ताट पुढे करताना “सालीचा आहे” एवढं बोलायचो, आणि समोरचा चेहरा सैल व्हायचा. संक्रांतीला तीच घरं तिळगुळाचा डबा घेऊन यायची. त्यात कसली खूण लागत नसे.

मी नववीत असेन तेव्हाची गोष्ट. केक थंड होऊन ओट्यावर कापून ठेवलेले, काकू जायला निघालेल्या, कातणं धुऊन पुसून पदरात. आजीनं रीतीप्रमाणे सालीचा एक तुकडा बशीत घालून पुढे केला. काकूंनी बशी घेतली नाही. दुसऱ्या केकाकडेही त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं ते मागच्या दाराच्या कडीकडे. म्हणाल्या, “बाई, ते साल माह्या दातात अटकते जी. मले आपलं बिनासालीचंच देत जा.”

आजीनं चष्मा नाकावर नीट बसवला. वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारला, की ती असाच वेळ काढायची. मग एक शब्द न बोलता तिनं अंड्याच्या केकचा तुकडा उचलला, चांगला जाड, मधला, आणि बशीत ठेवला. काकूंनी गळ्यातली तुळशीची माळ पदराखाली सारली, मागच्या दाराशी उभ्या राहिल्या, सावकाश खाल्लं, बोटाला लागलेला भुगा चाटला, पदरानं तोंड पुसलं. घरच्यांसाठीचं सालीच्या केकचं ताट डोक्याच्या उंचीवर धरून पुढच्या दारानं, सगळ्यांना दिसेल अशा गेल्या. मी आजीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की तो विषय मी आजतागायत काढला नाही. त्या वर्षीच्या यादीत समोरच्या घरापुढे लाल शाईत नोंद आहे : “सालीचा ४, बिनसालीचा १ (इथेच).” त्यानंतरच्या प्रत्येक यादीत ती तशीच्या तशी आहे, कंसासकट. बाकी सगळ्यांवर शेरे आहेत, हिच्यापुढे कधी नाही.

आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. यादी मी करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर आमच्या जिल्ह्यात आलं, कलेक्टरची गाडी बाजारातून जाते. घरात गोल काचेच्या झाकणाचा ओव्हन आला, डालड्याच्या डब्यातल्या वाळूत बायकोनं कोरफड लावली. चकली अजून तेल पिते. ताटं कमी झाली आहेत, पुष्कळ घरं हल्ली फराळ कागदी डब्यातून पाठवतात, आणि कागदी डबा परत करायचा कसा याचा कायदा अजून झालेला नाही.

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी काकू आल्या, नातवाचा हात धरून. करंज्या होत नाहीत आता त्यांच्यानं, पण कातणं आणलं होतं. चार करंज्यांची कड त्यांनी कापली आणि दमल्या. नातवाला त्यांनी बाहेर खेळायला पिटाळलं. बायकोला हे सगळं ठाऊक नव्हतं, तिनं भाबडेपणानं सालीचा तुकडा बशीत घालून पुढे केला. काकूंनी मागच्या दाराच्या कडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सुनबाई, ते साल माह्या दातात अटकते वो.”

मी बशी बदलली. काकूंचा शेवटचा दात काढून तीन वर्षं झाली आहेत.